करपलेला टोप: घासण्याआधीचा तास

करपलेले भांडे सिंकमध्ये आले की बहुतेकांचा पहिला हात तारेच्या घासणीकडे जातो, आणि भांड्याचे कायमचे नुकसान होते ते त्याच क्षणी. डाग आज ना उद्या निघतो; स्टीलवर उमटलेले ओरखडे मात्र निघत नाहीत, आणि पुढच्या वेळी दूध तापवताना ते नेमके त्याच ओरखड्यांत धरते आणि पुन्हा तिथेच लागते. म्हणून या लेखात घासण्याबद्दल थोडे आणि घासण्याआधीच्या तासाभराबद्दल पुष्कळ सांगितले आहे. लागणारे सामान घरातलेच आहे: खायचा सोडा, लिंबू किंवा चिंच, पांढरे व्हिनेगर, जाडे मीठ, भांड्यांचा साबण, लाकडी उलथणे आणि नारळाची शेंडी.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहतो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा एक नियम आहे. करपलेला टोप त्या कोरडा हातात घेत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, "दादा, जाळलाय तुम्ही, तर भिजत पण तुम्हीच टाकायचा. भिजलेला असेल तर मी घासते, नाहीतर तसाच ठेवून जाईन." तेव्हा मला हा आळस वाटला होता. पुढे तीन-चार भांडी स्वतः घासून पाहिल्यावर कळले, की दिवसाला सात घरची भांडी घासणाऱ्या बाईला मनगट कुठे वापरायचे आणि पाणी कुठे वापरायचे हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

भांड्याला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात: काय करपले आहे, आणि भांडे कशाचे आहे. दूध, भात, पाक, आमटी आणि तेल ही पाचही वेगवेगळ्या तऱ्हेने करपतात, आणि स्टीलला जे चालते ते अॅल्युमिनियमला चालत नाही. करपलेल्या थराचा रंगही पाहावा. तांबूस किंवा तपकिरी भाग हा अर्धवट जळलेला पदार्थ असतो. तो पाण्याने फुगतो आणि सोड्याने सुटतो. पार काळा, ठिसूळ भाग म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, म्हणजे कोळसाच. तो घरातल्या कोणत्याही पदार्थात विरघळत नाही. मग तो निघतो कसा? त्याच्याखाली, धातूला धरून बसलेला जो अर्धवट जळलेला थर असतो, तो आपण मऊ करतो, आणि वरचा कोळसा त्याच्यासोबत पापुद्र्यासारखा उचलला जातो. हे एकदा ध्यानात आले, की काळ्या डागावर जोर लावण्यात अर्थ नाही आणि पाणी त्याच्या खाली शिरू देण्यात सगळा अर्थ आहे, हे आपोआप पटते.

गॅस बंद केल्याबरोबर भांडे नळाखाली धरू नये. तापलेल्या बुडावर गार पाणी पडले की धातू एकदम आकसतो आणि बूड वाकते. पातळ बुडाचा टोप असेल तर तो ओट्यावर डुलू लागतो आणि इंडक्शनच्या शेगडीवर तर कायमचा निरुपयोगी होतो. भांडे उतरवून पाच-दहा मिनिटे बाजूला ठेवावे. दरम्यान वरचे चांगले राहिलेले अन्न बूड न ढवळता, न खरवडता दुसऱ्या भांड्यात अलगद ओतून घ्यावे. आमटी किंवा भात असा वाचतो; दुधाला लागलेला वास मात्र कशानेही जात नाही, त्यामुळे वेलदोडे घालून त्याची खीर करण्याच्या फंदात पडू नये. टोप कोमट झाला, की त्यात डाग बुडून वर दोन बोटे राहील इतके गरम पाणी ओतावे. पाणी गार झाल्यावर कोरडे पडू देऊ नये, कारण एकदा वाळलेला थर पुन्हा भिजायला दुप्पट वेळ घेतो.

दुधाचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या घरात सर्वाधिक करपते ते दूध. गेल्या पावसाळ्यात तीन लिटरच्या स्टीलच्या टोपात दीड लिटर दूध मंद गॅसवर ठेवून मी खाली पार्सल घ्यायला गेलो, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून परत येईपर्यंत दूध आटून बुडाला तळहाताएवढा काळा डाग आणि त्याभोवती तपकिरी कडे तयार झाले होते. दुधातली प्रथिने आणि दुग्धशर्करा एकमेकांशी जोडली जाऊन तो तपकिरी थर होतो, आणि त्यात दुधातले कॅल्शियमचे क्षारही अडकतात. म्हणजे डाग एक दिसला तरी वस्तू दोन असतात: प्रथिनांचा भाग, जो सोड्याला दाद देतो, आणि क्षारांचा भाग, जो आंबट पदार्थालाच दाद देतो. दूधप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतही यंत्रे धुताना साधारणपणे आधी अल्कली (सोड्याच्या जातीचा पदार्थ) आणि मग आम्ल (आंबट पदार्थ) असाच क्रम ठेवतात. घरीही तोच ठेवावा.

मी टोप निवल्यावर त्यात साधारण एक लिटर पाणी घातले आणि दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून तो पुन्हा मंद गॅसवर चढवला. पाणी तापू लागले की कडेने बारीक बुडबुडे येतात, मग पाणी पिवळसर होते आणि पाचेक मिनिटांत चहासारखे दिसू लागते. खायचा सोडा पाण्यात उकळला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. गार द्रावणाचा सामू (पीएच; ७च्या जितका वर, तितकी अल्कली तीव्र) सुमारे ८.३ असतो, म्हणजे अगदीच सौम्य. उकळल्यावर तो वाढतो आणि द्रावण अधिक प्रभावी होते. गार सोडा नुसता चोळून काही होत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी तो एकदा उकळून पाहावा. पंधरा मिनिटे मंद उकळी दिल्यावर गॅस बंद केला, टोप झाकला आणि तासभर त्याच्याकडे पाहिलेही नाही.

तासाने लाकडी उलथण्याची सरळ कड बुडाला जवळजवळ आडवी धरून कडेच्या तपकिरी भागापासून आत ढकलली. कडा आधी सुटते. मधला काळा भाग तिच्यामागून येतो. मधूनच सुरुवात केली तर उलथणे नुसते घसरते. पहिल्या खेपेत निम्म्याहून अधिक थर ओल्या कागदासारखा निघून आला. उरलेल्या भागावर पाणी ओतून टाकून खायच्या सोड्याची दाट पेस्ट लावली (तीन भाग सोडा, एक भाग पाणी) आणि अर्ध्या तासाने नारळाच्या शेंडीने घासले. आता काळे काही नव्हते. पण बुडावर एक धुरकट, राखाडी-पांढरी सावली शिल्लक होती. हेच ते क्षार. टोप स्वच्छ धुऊन, त्यातला सोडा पूर्ण जाऊ देऊन, मग बुडापुरते पाणी आणि त्यात अर्धा वाटी व्हिनेगर घालून तीन-चार मिनिटे उकळल्यावर ती सावलीही गेली. मला प्रत्यक्ष घासायला लागलेली मिनिटे दहाच्या आत होती. बाकी दोन तास टोप स्वतःच स्वतःला धूत होता.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत करपलेल्या भांड्यात सोडा टाकतात, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू ओततात आणि मोठा फेस येतो. फेस पाहून काम होत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात; फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहते ते सोडियम अॅसिटेटसारख्या क्षाराचे जवळपास उदासीन पाणी, ज्यात ना सोड्याची ताकद उरते ना व्हिनेगरची. बुडबुड्यांनी एखादा सुटत आलेला तुकडा उचलला जातो, नाही असे नाही, पण तेवढ्यासाठी दोन्ही वस्तू वाया घालवण्याचे कारण नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर मधे भांडे धुऊन, एकामागून एक वापरावेत. याच कारणाने इनोसारखे फ्रूट सॉल्ट आणि बेकिंग पावडर यांचाही इथे फारसा उपयोग नाही, कारण त्यांत सोडा आणि आम्ल आधीच एकत्र असतात आणि पाणी लागताच त्यांची झटापट संपते.

भात आणि पाक यांच्यासाठी इतके करावे लागत नाही. करपलेला भात, उपमा, साबुदाण्याची खिचडी किंवा उकड हा मुख्यतः पिठूळ भाग असतो, आणि तो नुसत्या पाण्यात रात्रभर फुगतो. सकाळी बुडाचा अख्खा खरपूडा एका तुकड्यात निघतो. साखरेचा किंवा गुळाचा पाक दगडासारखा घट्ट बसला तरी घाबरू नये आणि सुरी तर अजिबात लावू नये. टोप पाण्याने भरून उकळावा, पाक विरघळतो. चिकटून बसलेला झाराही त्याच पाण्यात बुडवून ठेवावा.

आमटी, रस्सा किंवा कांदा-खोबऱ्याचे वाटण करपले, की त्यात तेल, मसाला आणि हळद तिन्ही असतात. अशा भांड्यात आधी साबणाचे गरम पाणी घालून वरचे तेल काढावे, नाहीतर सोड्याचे पाणी थरापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर दुधासारखेच सोड्याचे पाणी उकळावे. या वेळी पाणी किंवा पेस्ट एकाएकी लाल-तांबडी झाली तर दचकू नये. हळदीतले करक्युमिन अल्कलीत लाल होते. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून कुंकू करतात ते याच गुणामुळे. टोपातले कुंकू लिंबाचे दोन थेंब पडताच पुन्हा पिवळे होते. प्लास्टिकच्या डब्यावर किंवा पांढऱ्या झाकणावर राहिलेला हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही, पण धुतलेले झाकण दोन दिवस खिडकीच्या जाळीत उन्हात ठेवले की फिका पडत पडत जातो, कारण करक्युमिन उजेडात टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठून आणायचे, हा नवी मुंबईकरांचा प्रश्न रास्त आहे. तेवढे दिवस तो डाग सहन करावा.

आता भांडे कशाचे आहे ते पाहू, कारण वर सांगितलेली दुधाची सगळी कृती स्टीलच्या टोपाची होती.

स्टील हा सर्वांत सोशिक धातू आहे. त्यातले क्रोमियम हवेशी संयोग पावून एक अतिशय पातळ, अदृश्य थर तयार करते आणि तोच स्टीलला गंजू देत नाही. त्याला सोडाही चालतो आणि आंबटही. भिजवताना न चालणारी गोष्ट एकच, आणि ती नेमकी घरोघरी केली जाते: करपलेल्या स्टीलच्या टोपात मिठाचे पाणी घालून रात्रभर ठेवणे. मिठातला क्लोराइड तो संरक्षक थर जागोजागी भेदतो आणि बुडाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, जे पुढे कशानेच भरून येत नाहीत. मीठ वापरायचे असेल तर ओलसर जाडे मीठ घासण्यापुरते घ्यावे आणि लगेच धुवावे. टोप रिकामा तापल्यामुळे बुडाला जे निळे-जांभळे, इंद्रधनुषी पट्टे येतात, ते करपणे नसून तोच थर जाड झाल्याचे चिन्ह असते. व्हिनेगरचा बोळा फिरवला की ते जातात, आणि नाही फिरवला तरी स्वयंपाकाला काही बाध येत नाही.

अॅल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे अजूनही जर्मनचे भांडे म्हणतात, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. अॅल्युमिनियम अल्कलीत झिजते. सोड्याचे पाणी त्यात उकळले, तर करपलेले सुटेल, पण टोप आतून काळपट, खरखरीत होईल. धुण्याचा सोडा वापरला तर परिणाम आणखी वाईट, कारण त्याचा सामू ११च्या आसपास असतो. म्हणून जर्मनच्या टोपाला आंबट लावावे. एक लिटर पाण्यात लिंबाएवढी चिंच कुस्करून किंवा पिळून झालेल्या दोन लिंबांची साले टाकून दहा मिनिटे उकळावे, निवू द्यावे आणि लाकडी उलथण्याने सोडवावे. सोलकढी केल्यावर गाळणीत उरलेली आमसुले फेकून देण्यापेक्षा याच कामी लावावीत. त्यांच्यात आंबटपणा पुष्कळ उरलेला असतो. मात्र आंबट पाणीही रात्रभर ठेवू नये, कारण अॅल्युमिनियमला तेही खाते. दहा-पंधरा मिनिटांचे काम झाले की धुऊन टाकावे. कुकर आतून काळा पडतो तो मुळात करपल्यामुळे नसतो, तर पाण्यातल्या क्षारांमुळे असतो, आणि भात लावताना कुकरच्या तळच्या पाण्यात लिंबाचे साल टाकण्याची आपल्या आयांची सवय त्यावरच उपाय म्हणून पडलेली आहे. हार्ड अॅनोडाइज्ड भांड्यावरचा राखाडी थर हाही अॅल्युमिनियमचाच ऑक्साइड असल्यामुळे त्यालाही धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी वर्ज्य समजावी. गरम साबणाचे पाणी आणि सबुरी एवढ्यावर भागवावे.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून वर्षाची चिंच भरणाऱ्या घरांत नवी चिंच आली, की बरणीच्या तळाची जुनी, काळी पडलेली चिंच भांड्यांसाठी बाजूला काढतात. ती पद्धत उत्तम आहे, कारण चिंच काळी पडली तरी तिच्यातले टार्टरिक आम्ल जागेवर असते. ज्यांच्याकडे पितळेची पातेली आहेत त्यांना ती बाहेरून लावायला हीच चिंच हवी. आतल्या बाजूची गोष्ट मात्र निराळी. आत कल्हई असते, म्हणजे कथिलाचा पातळ थर, आणि कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळते. पितळेचे पातेले खरोखर करपून कोरडे पडले असेल, तर बऱ्याचदा डागाखालची कल्हईही गेलेली असते. अशा पातेल्याला कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून भिजवावे, मऊ फडक्याने पुसावे, आणि पिवळे पितळ उघडे पडलेले दिसले तर आणखी घासत न बसता ते कल्हईला द्यावे. तोवर त्यात ताक, कढी, आमटी असे आंबट काही करू नये. पितळ बाहेरून चमकवण्यासाठी घरोघरी असते ती पितांबरी पावडर ठाण्याच्याच कंपनीची आहे. पण तीही बाहेरच्या बाजूलाच बरी, कल्हईवर नाही.

बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई यांना वरचे जवळजवळ सगळे नियम उलटे लागू होतात. त्यांना भिजत टाकू नये, आंबट लावू नये आणि सोडाही उकळू नये, कारण वर्षानुवर्षांच्या तेलाने तयार झालेला काळा, गुळगुळीत थर हीच त्या भांड्याची कमाई असते. त्यावर भाकरीचे पीठ किंवा माशांचा मसाला करपला, तर तवा कोमट असतानाच वाटीभर पाणी घालून ते उकळवावे, लाकडी उलथण्याने खरवडावे आणि ओतून द्यावे. उरलेल्यावर मूठभर जाडे मीठ आणि चमचाभर तेल टाकून जुन्या सुती फडक्याने गोल गोल घासावे. मीठ करपलेले पकडते आणि तेल थराला जपते. नंतर पाण्याने झटकन धुऊन, गॅसवर ठेवून पूर्ण कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवून ठेवावे. खाडीजवळच्या दमट हवेत ओला ठेवलेला तवा दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा झालेला असतो, हे ऐरोली-घणसोलीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नॉनस्टिकच्या भांड्यात पाणी आणि थोडा सोडा घालून दहा मिनिटे अगदी मंद तापवावे आणि स्पंजाने पुसावे. इतक्याने जे निघत नाही ते जोर लावून काढू नये. हा लेप साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो. लेपाचे पापुद्रे सुटू लागले असतील तर भांडे टाकून द्यावे. यावर मला कोणतीही तडजोड पटत नाही.

करपण्याचाच एक हळूहळू होणारा प्रकार म्हणजे कढईच्या बाहेरच्या बुडावर जमणारा काळपट-तपकिरी, चिकट थर. तेलाचे ओघळ वर्षभर तापून तापून एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची वार्निशासारखी राळ होते. तिला साबण चिकटतही नाही. स्टीलची कढई असेल तर यासाठी मात्र धुण्याचा सोडाच हवा. बादलीत किंवा मोठ्या परातीत कढई बुडेल इतके कढत पाणी घेऊन त्यात चार-पाच मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण घालावा, कढई पालथी बुडवून तीन-चार तास ठेवावी आणि मग काथ्याने घासावी. हातमोजे घालणे इथे ऐच्छिक नाही. धुण्याचा सोडा कातडीचे तेलही तितक्याच तत्परतेने काढतो. दांड्याला बेकलाइट (काळे, कडक प्लास्टिक) असेल तर तो पाण्याबाहेर राहू द्यावा. एका खेपेत सगळे जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. दर आठवड्याला एक, अशा तीन खेपा दिल्या, तर वर्षाचा थर जातो.

पूर्वी हेच काम राख करीत असे, आणि ती नुसती खरखरीत असल्यामुळे नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, ते पाण्यात उतरून अल्कली तयार होते आणि भांड्यावरच्या तेलाचा त्याने साबणच होतो. आता ठाण्या-नवी मुंबईच्या इमारतींत पाइपचा गॅस आला आणि चूल गेली, त्यामुळे राख पाकिटात भरून विकत मिळू लागली आहे. चाळून घेतलेली बारीक राख स्टीलला आणि लोखंडाच्या बाहेरच्या बाजूला अजूनही चांगली. जर्मनच्या भांड्याला मात्र ती लावू नये, कारण अल्कलीचा नियम तिलाही लागू आहे.

पाण्याचाही इथे संबंध येतो. मोरबे धरणाचे पाणी असलेल्या आमच्या नवी मुंबईत भांड्यांवर पांढरे डाग फारसे राहत नाहीत; पण ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या संकुलांना बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळून वापरावे लागते, तिथे करपलेले निघाल्यावरही बुडाला पांढुरकी, खडबडीत साय दिसते. तिला पुन्हा सोडा लावत बसण्यात अर्थ नाही. ते कॅल्शियमचे क्षार आहेत आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याची पाच मिनिटांची उकळी हाच त्यावर उपाय आहे. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येत असेल, तर भिजवण्यासाठी नवे पाणी घेण्याऐवजी तांदूळ-डाळ धुतलेले किंवा भाजी उकडून उरलेले पाणी वापरावे. भिजवण्याच्या कामाला ते तितकेच चालते.

एक ताकीद मात्र ठळक शब्दांत द्यावीशी वाटते. डाग निघत नाही म्हणून चिडून सिंकमध्ये ब्लीच किंवा संडास-बाथरूम धुण्याचे आम्ल ओतू नये, आणि ब्लीच कोणत्याही आंबट वस्तूबरोबर, अगदी व्हिनेगर किंवा लिंबाबरोबरही, मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि खिडकी बंद असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात तो घातक ठरू शकतो. नुसते व्हिनेगर उकळतानाही खिडकी उघडी ठेवावी, कारण त्याचा वाफारा घशाला आणि डोळ्यांना झोंबतो.

कुकर कोरडा पडून करपला असेल, तर स्वच्छतेचा विचार सर्वांत शेवटी करावा. गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्यावा, शिट्टी उचलून वाफ सोडू नये आणि झाकणावर पाणी ओतू नये. पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडून, कुकर जर्मनचा असल्यास चिंचेच्या आणि स्टीलचा असल्यास सोड्याच्या पाण्याने वर सांगितल्याप्रमाणे आत साफ करावा. मग झाकणाकडे वळावे. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक उष्णतेला वितळणारा मिश्रधातू असतो. कुकर कोरडा तापला की तो वितळून वाफेला वाट करून देतो, आणि एकदा वितळलेला व्हॉल्व्ह पुन्हा चालत नाही. त्यात भोक दिसले किंवा तो बसका, विद्रूप दिसला, तर त्याच कंपनीचा नवा बसवून घ्यावा. रबरी रिंग हाताने ताणून पाहावी; ती कडक झाली असेल किंवा तिला चिरा दिसत असतील तर तीही बदलावी. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार दिसते का ते पाहावे, आणि नसेल दिसत तर अडकलेला कण पातळ तारेने काढावा. एवढे झाल्यावर कुकरमध्ये दोन वाट्या नुसते पाणी घालून एक शिट्टी करून पाहावी. कडेने वाफ गळत नसेल आणि शिट्टी नेहमीच्या वेळेला होत असेल, तरच त्यात पुन्हा डाळ लावावी.